बांधायचं राहिलेलं पोट

गोदाचं लेकरू गेलं ते आषाढात, आणि दिवाळी होऊन गेली तरी बाजारातल्या बायका तिला विचारतच होत्या, "कितवा महिना वं?"

त्या बायकांचा तसा दोष नव्हता. अमरावतीच्या इतवाऱ्यात भाजी घ्यायला येणाऱ्या कॅम्पातल्या, राजापेठेतल्या बायका त्या. भाजीवालीच्या घरी काय झालं हे त्यांना कोण सांगणार? उन्हाळ्यात त्यांनी तिला पोटुशी पाहिलं होतं. मग ती बरेच दिवस दिसली नाही. दसऱ्याच्या सुमाराला परत येऊन आपल्या जागेवर बसली, तेव्हाही लुगड्याच्या निऱ्यांवर पोट तसंच पुढं आलेलं. पाहणाऱ्यानं दुसरं काय समजावं?

गोदा मान खाली घालून मेथीच्या जुड्या पुढं सरकवायची. "घ्या बाई, ताजी हाय," एवढंच म्हणायची. विचारणारी बाई हसून पुढं जायची. एखादी मायाळू बाई जाता जाता सांगायची, "आता वझं उचलत नको जाऊ."

एक दिवस शेजारी लसूण-मिरच्या विकणाऱ्या माणिकबाईला ते सहन झालं नाही. ती ओरडलीच, "काहून सारखं इचारता वो तिले? मेलं लेकरू तिचं! पोट ते तसंच राह्यलं, बस!"

माणिकबाईनं ते मायेपोटीच केलं, पण त्या दिवशीची उरलेली सकाळ गोदाला आणखी जड गेली. जिनं विचारलं होतं ती बाई तोंडाला पदर लावून उभी राहिली. आजूबाजूच्या चार जणी वळून गोदाकडं पाहू लागल्या, आणि सगळ्यांचे डोळे तिच्या तोंडावर न थांबता खाली पोटावर गेले. गोदानं सांभाराची, कोथिंबिरीची, पाटी मांडीवर ओढून घेतली आणि बाजार उठेपर्यंत ती तशीच धरून बसली.

त्या दिवशी घरी जाताना तिनं ठरवलं, हे पोट आपल्याला नको.

गोदाचा नवरा सहदेव. अमरावतीहून बडनेऱ्याकडं जाणाऱ्या रस्त्याच्या अलीकडं त्यांचा मळा होता. एक विहीर, मोट ओढणारी बैलजोडी, वांगी, मेथी, सांभार, हिवाळ्यात कोबी. घरात तिसरं माणूस म्हणजे सहदेवची आई, पार्बताबाई. दुसरी मोठी लढाई लागायच्या आधीचा काळ. कापसाकडं पाहून शेतकरी हात झाडत होता, पण शहर वाढत होतं आणि भाजी खाणारी तोंडंही वाढत होती. मळा तिघांना पुरून उरत होता. उणीव होती ती एका लेकराची, आणि लग्नानंतर चार वर्षांनी गोदाला दिवस गेले तेव्हा पार्बताबाईनं आजूबाजूच्या सगळ्या मळ्यांत गूळ वाटला होता.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. गोदाची आई गंगूबाई अकोल्याहून तिला न्यायला येणार होती, सामानही बांधून ठेवलं होतं. पण त्याच आठवड्यात, वेळ भरायच्या आधीच, गोदाचं पोट दुखू लागलं. सुईण आली. दोन दिवस गोदा अडून राहिली. शेवटी लेकरू झालं, पण रडलं नाही. सुईणीनं त्याला उलटं धरलं, पाठ चोळली, काशाची थाळी वाजवली. गोदाला थाळीचा आवाज तेवढा आठवत होता. त्यानंतर तिला ताप भरला, आणि ती शुद्धीवर आली तेव्हा घर झाडून स्वच्छ केलेलं होतं आणि कोपऱ्यातला पाळणा दिसत नव्हता.

बाळंतिणीचं पोट दुसऱ्या दिवसापासून बांधतात. तेल लावून, शेकून, जुन्या मऊ लुगड्याची पट्टी करून सुईण ते घट्ट बांधते, म्हणजे सैल पडलेलं पोट पुन्हा जागेवर बसतं. पण सुईण त्या घरी परत आलीच नाही. लेकरू नाही त्या घरी ती कोणाला न्हाऊ घालायला येणार? पार्बताबाई भिंतीला टेकून बसून होती. सहदेव मळ्यातून घरात येत नव्हता. पोट बांधायचं कोणालाच सुचलं नाही, आणि गोदाला ते मागायचं सुचलं नाही.

पुढं पार्बताबाईला आठवलं ते डिंकाच्या लाडवांचं. बाळंतपणासाठी म्हणून तिनं ते आधीच करून पितळी डब्यात भरून ठेवले होते. "टाकून कसे देऊ?" ती म्हणाली. "तुपातले हायेत. खा. तुह्या आंगाले तरी लागन." गोदानं खाल्ले. दूध येऊन आटून गेलं होतं, तरी ती दूध यावं म्हणून केलेले लाडू खात होती. रोज दुपारी सासू ताटात लाडू ठेवायची आणि सून तो मुकाट्यानं संपवायची. डबा संपला तेव्हा पार्बताबाईनं आणखी केले. सुनेसाठी दुसरं काय करावं हे तिला कळत नव्हतं. त्या लाडवांनी गोदाचे हातपाय भरले नाहीत, तोंडावर तेज आलं नाही. सगळं जाऊन बसलं त्या सैल पोटावर.

ठरवल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी पहाटे गोदानं सहदेवच्या जुन्या फेट्याची लांब पट्टी फाडली आणि लुगड्याच्या आत पोटावर करकचून बांधली. श्वास नीट घेता येत नव्हता, पण पोट दबलं. बाजारात त्या दिवशी कोणी विचारलं नाही. मग ती रोजच बांधू लागली, आणि रोज थोडी जास्त आवळू लागली.

एका सकाळी कोबीचा हारा डोक्यावर घेऊन ती बैलबंडीकडं निघाली आणि वाफ्याच्या कडेलाच कोसळली. कोबीचे गड्डे चारीकडं गडगडत गेले. सहदेव बैल सोडून धावला. तिला सावलीत नेऊन तोंडावर पाणी मारलं, आणि श्वास मोकळा व्हावा म्हणून लुगडं सैल करताना त्याच्या हाताला ती पट्टी लागली. गाठ सुटेना. शेवटी विळ्यानं कापावी लागली.

"हे काय बांधलं वं?"

"काई नाई."

"काई नाई कसं? पाह्य वळ किती उठले. रगत साकळलं."

गोदानं पदर ओढून घेतला. "लोक इचारतात," ती म्हणाली.

"काय इचारतात?"

तिनं पदराखालीच पोटावर हात ठेवला. कापलेली पट्टी हातात घेऊन सहदेव उकिडवा बसला. मग म्हणाला, "बांधून पोट दबते, जात नाई. आतून ताकद याले पाहिजे, तेव्हा ते आपल्या जाग्यावर बसते."

"ते कसं याचं?"

"आखाड्यात नत्थुजी वस्ताद शिकवत. पोरायचे सुटलेले पोटं सपाट करत ते."

"मी आखाड्यात जाऊ का आता?"

"मी शिकवतो," सहदेव म्हणाला.

लग्नाआधी सहदेव शहरातल्या आखाड्यात जायचा. बाप वारला, मळा अंगावर पडला आणि आखाडा सुटला. पण शिकलेलं अंगात होतं. विहिरीजवळ मोटेचे दोर आणि फावडी ठेवायची एक खोपडी होती. उजाडताना, बैल जुंपायच्या आधी, दोघं त्या खोपडीत जाऊ लागले. पार्बताबाई त्या वेळी घरात दळत असायची.

पहिल्या दिवशी गोदाला इतकी लाज वाटली की ती उभीच राहिली. नवऱ्यासमोर जमिनीवर उताणं पडायचं आणि पाय वर उचलायचे, हे कोणत्या बाईनं केलंय? शेवटी सहदेव भिंतीकडं तोंड करून बसला आणि तिकडूनच सांगू लागला. "गुडघे नको वाकवू. दोन्ही पाय संगंच उचल. आता सावकाश खाली आन. धपकन नको टाकू." खाली आणताना गोदाचं पोट थरथर कापायचं. चार वेळा केलं की डोळ्यापुढं अंधारी यायची. मग सहदेव म्हणायचा, "पुरे आज," आणि तिच्याकडं न पाहताच बाहेर निघून जायचा.

हळूहळू लाज मोडली. सहदेव समोर बसून दाखवू लागला. सूर्यनमस्कार, अंग उजवीडावीकडं पिळायचा व्यायाम, कोपरांवर अंग तोलून धरायचा व्यायाम. गूळ-तूप बंद करायला त्यानं सांगितलं. भाकर, वरण, अंबाडीची भाजी, तेही संध्याकाळी दिवेलागणीच्या आत. आणि एक दिवस तो म्हणाला, "आता सगळ्यात महत्त्वाचं शिकवतो."

तो गुडघ्यांवर हात टेकून किंचित वाकून उभा राहिला. सगळा श्वास बाहेर सोडला आणि पोट आत ओढलं. इतकं आत, की बरगड्यांखाली खड्डा पडला.

"तसं कर. आंधी सगळा श्वास सोड. आंदर काईच नको ठेवू. पुरी रिकामी हो. मंग पोट पाठीले लाव."

गोदा वाकून उभी राहिली. तिनं श्वास सोडला.

"अजून सोड. अजून हाय आंदर. रिकामी हो."

"रिकामी तं हाओच मी," गोदा म्हणाली, आणि तिथंच खाली बसली.

सहदेव घाबरला. त्याला वाटलं पुन्हा चक्कर आली. तो जवळ आला तर ती रडत होती, आवाज न करता, दोन्ही हात पोटावर ठेवून. आषाढापासून ती रडलेली त्यानं पाहिली नव्हती. त्याला काय करावं कळेना. त्यानं पाण्याचा लोटा आणून तिच्यापुढं ठेवला.

लोट्यातलं पाणी पिऊन गोदानं विचारलं, "पोरगा व्हता का पोरगी?"

सहदेव तिच्याकडं पाहतच राहिला. "तुले मायनं सांगतलं नाई?"

"मी इचारलं नाई. त्यायनं सांगतलं नाई."

"पोरगी व्हती."

"कशी व्हती?"

सहदेव दाराशी बसला. बाहेर बैल घंटा हलवत उभे होते. "केस लय व्हते," तो म्हणाला. "कायेकुट्ट. वले व्हते म्हून कपायाले चिपकले व्हते. नाक तुह्यासारखं. हाताची मूठ मिटलेली व्हती, मी उघडून पायली. इतकुसी."

"तुमी घेतलं तिले?"

"मीच घेतलं. माह्या उपरन्यात. मीच नेलं."

"कुठी?"

"नाल्याच्या काठाले, उंबराखाली. दाखवू?"

गोदानं मान हलवली. आज नको.

त्यानंतर काही दिवसांनी ती स्वतःच म्हणाली, चला. दोघं नाल्याकाठी गेले. पावसाळ्यात वाढलेला तरोटा वाळून उभा होता. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून सहदेवनं ठेवलेला मोठा दगड तेवढा होता. गोदानं त्यावर हात ठेवून पाहिला. दगड उन्हानं तापला होता. ती रडली नाही. तरोट्याची दोन-चार झुडपं तिनं उपटून बाजूला टाकली आणि दोघं मळ्यात परत आले. बंडी भरायची राहिली होती.

पार्बताबाईला मात्र यातलं काही माहीत नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं की सून लाडू खात नाही.

"माह्या हातचं आता कडू लागाले लागलं का?" तिनं एका दुपारी विचारलं.

"नाई आत्याबाई. पोट कमी कराचं हाय."

"काहून? कोनाले दाखवाचं हाय पोट?" पार्बताबाईचा आवाज चढला. "लेकरू जाऊन वरीस नाई झालं आन बाईले कंबर बारीक कराची हाय! लोक थुकतीन आपल्या तोंडावर."

गोदा ताटावरून उठली. दोघी त्या दिवशी एकमेकींशी बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे पार्बताबाई खुरपं शोधत खोपडीकडं आली आणि दारातच थांबली. आत सून जमिनीवर उताणी पडून पाय उचलत होती. तोंड लालबुंद झालेलं, दात ओठांवर रुतलेले. तिचा मुलगा शेजारी बसून तिच्या टाचांखाली हात धरून होता, पाय पडलेच तर झेलायला. खुरपं न घेताच पार्बताबाई परत गेली.

त्या दुपारी ताटात लाडू नव्हता. जेवण झाल्यावर पार्बताबाईनं तिळाचं तेल कोमट केलं, गोदाला हाक मारली आणि म्हणाली, "उतानी हो."

गोदा चटईवर आडवी झाली. सासूनं तिच्या पोटावर तेल घातलं आणि दोन्ही तळव्यांनी चोळायला सुरुवात केली. बाजूंनी मध्ये, खालून वर, सैल पडलेली कातडी गोळा करत. तिचे हात खरबरीत होते. पोटावर लेकरामुळं पडलेल्या जांभळट रेघा होत्या. त्या रेघांवर आले की हात हळू व्हायचे. चोळून झाल्यावर पार्बताबाईनं ट्रंकेतून स्वतःचं एक जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं काढलं, त्याची रुंद पट्टी केली आणि सुनेचं पोट बांधलं. करकचून नाही, दाईसारखं, बेताचं. त्यानंतर रोज दुपारी हे चालू राहिलं.

माघ गेला, फाल्गुन गेला. पहाटे खोपडीतली मेहनत, दुपारी तेल, दिवसभर मळ्यातलं काम. गोदानं मोटेवरचं कामही हातात घेतलं. आधी लुगड्याच्या निऱ्या सैल झाल्या. मग हाराभर भाजी डोक्यावर घेऊन चालताना पोट हलेनासं झालं. चैत्र लागला तेव्हा पोट पाठीला लावून ती सहदेवइतकाच वेळ उभी राहू लागली. सहदेव एकदा हसून म्हणाला, "नत्थुजी वस्ताद असते तं तुही पाठ थोपटली असती त्यायनं."

बाजारातलं विचारणं केव्हाच थांबलं होतं. हेच तर गोदाला हवं होतं. पण हवं ते मिळाल्यावर जी मोकळीक वाटायला हवी होती ती वाटेना. बायका यायच्या, सांभार हुंगायच्या, वांगी दाबून पाहायच्या आणि निघून जायच्या. तिच्याकडं पाहून कोणाला काही आठवत नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात तिला पोटुशी पाहिलेल्या बायकाही ते विसरून गेल्या होत्या. एक दिवस न्हाणीत अंगावर पाणी घेताना गोदाचा हात पोटावर थांबला. पोट सपाट होतं, घट्ट, लग्नाआधी होतं तसं. जांभळट रेघा पांढुरक्या झाल्या होत्या. अंधारात बोटानंच लागायच्या. ती हात फिरवत राहिली. आषाढात लेकराला सहदेवनं नेलं होतं. आता राहिलेलं आपणच, रोज पहाटे उठून, थोडं थोडं करून घालवलं, असं तिला वाटलं, आणि घागरीतलं पाणी संपलं तरी ती तिथंच बसून राहिली. बाहेरून पार्बताबाईनं दोनदा हाक मारली.

वैशाखात अकोल्याहून निरोप आला. गोदाची धाकटी बहीण रुख्मिणी हिला सातवा लागला होता. तिचं सासरही अकोल्यातच. माहेरी ओटी भरायची होती आणि गंगूबाईनं मोठ्या लेकीला बोलावलं होतं. सहदेवनं तिला बडनेऱ्याला गाडीत बसवून दिलं.

मूर्तिजापूर मागं पडलं तसं गोदाच्या मनात येऊ लागलं, मला कशाला बोलावलं असेल? जिचं लेकरू गेलं तिला ओटीच्या कार्यक्रमात पुढं कोणी करत नाही. पण आईच ती. आईला वाटलं असेल, लेक येईल, चार दिवस राहील.

मोर्णा नदीच्या पलीकडं गंगूबाईचं घर होतं. अंगणात मांडव घातला होता. रुख्मिणी हिरवं लुगडं नेसून, केसांत गजरे माळून पाटावर बसली होती, आणि तिचं पोट त्या हिरव्या लुगड्यात गोल दिसत होतं. गोदाला पाहून ती मनापासून हसली. "तायडी, किती बारीक झाली वं तू!"

गोदानं कामाला हात घातला. पाणी भरलं, पत्रावळी मांडल्या, पुरणाचं पातेलं एकटीनं उचलून आणलं. व्याह्यांकडच्या बायका ओळीनं बसल्या होत्या. त्यातल्या एकीनं, रुख्मिणीच्या चुलतसासूनं, पातेलं उचलताना गोदाकडं निरखून पाहिलं आणि गंगूबाईला म्हणाली, "ही तुमची मोठी ना? कमावलेलं आंग हाय बाई हिचं. पोट पाहा कसं, कुवारनीवानी. लेकरू नाई झालं का हिले अजून?"

गंगूबाईनं एकदा पाटावरच्या लेकीकडं पाहिलं. मग हसून म्हणाली, "नाई ना. नाई झालं अजून. देव देईन तवा."

पातेलं गोदाच्या हातात होतं. तिनं ते खाली ठेवलं. आई असं का बोलली हे तिला कळलं. पाटावर सातव्या महिन्याची लेक बसली होती, व्याह्यांकडच्या बायका समोर होत्या, अशा वेळी मेलेल्या लेकराचं नाव कोण काढतं? ते सगळं कळत असूनही तिच्या तोंडून निघालं, "झाली व्हती. पोरगी झाली व्हती मले. आषाढात गेली."

बांगड्या भरायला आलेल्या कासारणीचे हात थांबले. रुख्मिणीचे दोन्ही तळवे आपोआप पोटावर गेले आणि तिनं पदर ओढून पोट झाकून घेतलं, गोदाच्या नजरेपासून. गोदानं ते पाहिलं. ओळीच्या शेवटी एक म्हातारी बसली होती. तिला ऐकायला कमी येत असावं, किंवा तिला कोणत्याच गोष्टीचं भय राहिलं नसावं. तिनं गोदाकडं पाहत मऊ आवाजात विचारलं, "काय नाव ठेवलं व्हतं मा पोरीचं?"

गोदा मागच्या दारानं परसात निघून गेली.

गंगूबाई मागोमाग आली. तिचा चेहरा रागानं आणि भीतीनं पांढरा पडला होता. "आजच्या दिवस तोंड बंद ठेवता नाई आलं तुले? तिच्या सासरचे काय म्हनतीन? अपशकून केला तुनं."

"माय," गोदा म्हणाली, "तू तं तिची आजी व्हती."

गंगूबाई पदराचा बोळा तोंडाशी धरून उभी राहिली. आतून कोणीतरी तिला हाक मारत होतं. शेवटी डोळे पुसून ती आत गेली. ओटी भरायच्या वेळी गोदाला कोणी बोलावलं नाही, आणि तीही गेली नाही. चार दिवस राहायचं म्हणून आलेली गोदा दुसऱ्याच दिवशी सकाळच्या गाडीनं परत निघाली. निघताना रुख्मिणी दाराशी आली होती. "तायडी, मी मुद्दाम नाई केलं," ती म्हणाली. गोदा म्हणाली, "मले ठाऊक हाय. सांभाळून राह्य."

बडनेऱ्याला सहदेव बंडी घेऊन आला होता. अकोल्याहून येणाऱ्या कोणाकडून तरी आईनं निरोप धाडला असावा असं गोदाला वाटलं, पण तसं नव्हतं. स्टेशनाजवळ तो कांद्याचं बी घ्यायला आला होता आणि ती गाडीतून उतरताना दिसली. "काहून आली इतक्यात?" त्यानं विचारलं.

बंडी रस्त्याला लागली. मग तिनं सगळं सांगितलं. आई काय म्हणाली, आपण काय म्हणालो, रुख्मिणीनं पोट कसं झाकून घेतलं. सहदेव कासरे हातात धरून ऐकत होता. शेवटी गोदा म्हणाली, "एका म्हातारीनं नाव इचारलं तिचं. मले सांगता नाई आलं. मले तिचं नावच नाई."

ऊन तापलं होतं. दोन्ही बाजूंची काळी रानं नांगरून उघडी पडली होती. बंडी बरीच पुढं गेली. मग सहदेव बैलांकडं पाहतच म्हणाला, "कौतिका."

"काय?"

"मी म्हनलं व्हतं तिले. मातीत ठेवाच्या वक्ती. मुक्यानंच कसं ठेवाव आपल्या लेकराले, काई तरी हाक माराले पाहिजे ना. जे तोंडात आलं ते म्हनलं. कौतिका." त्याचा आवाज फाटला. "तुले सांगाव वाटे. पन तू काई इचारेच नाई, म्हून मी बी..."

गोदानं त्याच्या हातातून कासरे घेतले. उरलेला रस्ता तिनंच बंडी हाकली.

घरी पार्बताबाई ओट्यावर डाळ निवडत बसली होती. सुनेला पाहून ती उठू लागली, तर गोदा तिच्याजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "आत्याबाई, तिचं नाव कौतिका व्हतं."

"कोनाचं?"

"आपल्या पोरीचं."

पार्बताबाईनं आधी सुनेकडं पाहिलं, मग अंगणात बैल सोडत असलेल्या मुलाकडं. सूप तिच्या मांडीवरून घसरलं आणि डाळ ओट्यावर सांडली. "कौतिका," ती म्हणाली, आणि मग छातीवर हात मारून मोठ्यानं रडू लागली, घरात माणूस गेल्यावर रडतात तशी, नाव घेऊन, हेल काढून. आषाढात त्या घरात कोणीच रडलं नव्हतं. गोदानं सासूच्या गळ्यात हात टाकले. तिचाही आवाज फुटला. शेजारच्या मळ्यातल्या बायका धावत कुंपणाशी आल्या आणि काय झालं, कोण गेलं, म्हणून विचारू लागल्या.

सहदेव त्यांच्याकडं गेला आणि त्यानं सांगितलं, "माही पोरगी गेली."